शिवलेला दिवाण

१

नवं घर बांधणाऱ्याचं लोक कौतुक करतात. राहत्या घराचं काम काढणाऱ्याचं कुणी करत नाही, आणि खरे हाल त्याचेच होतात. चहात सिमेंट, गादीत वाळू, आणि मिस्त्री उद्या येतो म्हणाला की तो उद्या कुठल्या महिन्यात उगवणार हे त्याच्या आईलाही ठाऊक नसतं. भिवंडीत कल्याण नाक्याच्या आतल्या गल्लीत राहणाऱ्या वनितानं हे सगळं पत्करून काम काढलं होतं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर उकरायचं, नवी फरशी बसवायची, भिंतींना पुट्टी आणि रंग. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या खचलेल्या शहाबादीवर फडकं फिरवत होती. इतक्या वर्षांत कंबरडं आधी फरशीचं मोडलं की तिचं, हे सांगणं कठीण होतं.

घर बैठं, वर पत्र्याची एक खोली. नवरा मिलिंद पूर्णा गावातल्या एका गोदामात शिफ्ट सांभाळायचा. मुलगी मेघाली कॉलेजात. आणि सासू आनंदीबाई, ज्यांचा मुक्काम बाहेरच्या खोलीतल्या सागवानी दिवाणावर. नवऱ्यानं स्वतः उभं राहून करून घेतलेला तो दिवाण. त्यावर बसल्या बसल्या त्या दारात कोण आलं ते बघायच्या, दूधवाल्याशी भांडायच्या आणि सुनेच्या आमटीत मीठ किती पडलं ते चव न घेता सांगायच्या. वनिताच्या माहेरच्यांना त्या दिवाणाच्या कडेला कधी बसायला सांगितलं गेलं नव्हतं. ते भिंतीशी चटईवर बसायचे, चहा घेऊन निघून जायचे. वनिता हे विसरली नव्हती. विसरायचा तिनं प्रयत्नही केला नव्हता.

धुळीत म्हातारीचा दमा उठेल म्हणून तिला काम होईपर्यंत लेकीकडे, दिघाशीला ठेवायचं ठरलं. सगळ्यांना ते पटलं. फक्त "काम होईपर्यंत" या शब्दांचा वनिताच्या मनातला अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. नव्या खोलीत दिवाण बसणारच नव्हता. तिथं कोपऱ्याचा सोफा येणार होता. तिनं तो दुकानात जाऊन बघून, दोनदा बसून पसंत केला होता. दिवाण नसला की दिवाणावरचं माणूस कुठं ठेवणार? तेव्हा लेकीकडेच बरं. मिलिंदला याचा अंदाज होता, पण त्यानं विचारलं नाही. न विचारता संसार निभावणं ही त्याची जुनी हातोटी होती.

रिक्षात बसताना आनंदीबाईंनी सुनेचा हात धरला.

"माझ्या दिवानावर धूळ बसू देऊ नको. आल्यावर मला त्याच्यावरच निजायचं हाय."

"नाही बसू देणार, आई," वनिता म्हणाली. तेवढं वचन तिनं अगदी मनापासून दिलं.

२

सामान झाकावं कसं हे वनिताला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचे वडील लूमवाल्यांच्या गोदामात कापडाच्या गठड्या शिवायचे. माल गठडीत रचायचा, वरून जाड कापड ओढायचं, आणि दाभण-सुतळीनं असा शिवून टाकायचा की पावसाचा थेंब आत जाणार नाही. वनिता स्वतः लग्नाआधी त्याच गोदामात कापड तपासायला बसायची. डाग, तुटका धागा, जाळी, हात फिरवला की तिला कळायचं. लोक सामानावर जुने पडदे टाकतात, त्याखालून धूळ शिरते आणि मग हळहळतात. वनिता तसलं अर्धवट काम करणारी नव्हती.

ओळखीच्या कारखान्यातून तिनं डागी माल आणला. लूमवरून उतरलेलं कोरं कापड, पांढरटही नाही आणि पिवळटही नाही, हाताला खरखरीत, खळीचा आंबूस वास येणारं. कपाट, टीव्हीचं टेबल, शिलाई मशीन, सगळं आतल्या खोलीत एकावर एक रचून तिनं ते त्या कापडात गुंडाळलं.

आनंदीबाई असत्या तर एका गोष्टीवर अडल्या असत्या. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय माणसाच्या अंथरुणावर घालायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मेघालीच्या बाळपणी दुपट्यासाठी आणलेलं कापडसुद्धा त्यांनी आधी बादलीत बुडवलं होतं. का, ते त्या सांगत नसत. न धुतलेलं कोरं कापड कुणावर घालतात हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यात सांगायचं काय? वनिताही हे पाळत आली होती. पण आता नळाला पाणी एक दिवसाआड, त्यातलं निम्मं मिस्त्री सिमेंटला ओतणार. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवायला तिनं एक तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतला. बाकीच्याला पाणी कोण वाया घालवणार?

दिवाण शेवटी आतल्या खोलीत घेतला. गादी, उशी आणि गोधडी त्याच्यावरच राहू दिली, दुसरीकडे जागा नव्हती. वरून कोरं कापड ताणून घेतलं, चारही बाजूंनी खाली वळवलं आणि दाभणानं टाके घातले. बापाचा हात तिच्या हातात उतरला होता. शेवटची गाठ मारून तिनं बोट आपटून बघितलं, तर कापड टणक वाजलं. सासूला दिलेला शब्द इतका चोख कुठल्या सुनेनं पाळला नसेल, असं तिला वाटलं, आणि एकटीच असताना ती थोडी हसली.

३

काम सुरू झालं. भूपेश मिस्त्री आणि त्याची दोन माणसं दिवसभर कटर चालवायची. घरातली तिघं रात्री वरच्या पत्र्याच्या खोलीत. आतल्या खोलीचं दार वनितानं ओढून घेतलं होतं. खिडकीवर प्लास्टिक ठोकलं होतं. रंगासाठी पंखाही उतरवून ठेवला होता. त्या खोलीत कुणाचं काही काम नव्हतं.

चार-सहा दिवसांनी स्वयंपाकाचं एक पातेलं काढायला ती आत गेली. कपाटावरच्या कापडावर बोटभर धूळ, टेबलावर तशीच. दिवाणावर धूळ होती, पण मधोमध कापड सैल पडलं होतं. नुसतं सैलही नव्हे. उशीकडे थोडं उचललेलं, मग खाली उतरलेलं, आणि पायाकडे पुन्हा जरासा उंचवटा. एखादं माणूस उताणं निजावं तसं.

तिच्या अंगाचा भडका उडाला. घाबरायचं तिच्या मनातही आलं नाही, राग आला. कामाची माणसं दुपारी दिवाणावर आडवी होत असणार, दुसरं काय. ती बाहेर येऊन भूपेशवर तुटून पडली.

"अंदर कौन सोता है दोपहर को?"

भूपेशनं कटर बंद केला. "भाभी, उधर हम काहेको जायेगा? उधर तो खडा रहनेको जगा नहीं. और वो तो आपने सी के रखा है, उसपे सोयेगा तो कपडा फटेगा नहीं?"

ते खरं होतं. वरून कुणी निजलं असतं तर वरची धूळ पुसली गेली असती. धूळ तर सगळीकडे सारखी होती. वनिता पुन्हा आत गेली, वाकून चारही बाजू बघितल्या. टाके जिथल्या तिथं होते. ओलावा असेल, ती मनाशी म्हणाली. नव्या सिमेंटचा दमटपणा, खळीचं कापड, ते कधी आकसतं, कधी सुटतं. इतकी वर्षं कापड हाताळलेल्या बाईला एवढं कळतं. उंचवट्याचं काय, खालची गोधडी फुगली असेल.

संध्याकाळी तिनं दिघाशीला फोन लावला. तसा रोज लावायची नाही. नणंद ललिता म्हणाली, आई बरी आहे, जेवते, फक्त दिवसा फार झोपते.

"अंगणात खाट टाकून दिलीय, वहिनी. वारा एवढा हाय की पत्रे वाजतात. तरी म्हणते उकडतंय, वारा न्हाय."

"वय झालं," वनिता म्हणाली.

४

त्या गल्लीत लूमचा आवाज इतका सवयीचा की माणसाला आपल्या रक्तासारखा तो ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीला कारखाना, खटखट रात्रंदिवस. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा मात्र कान मोकळे होतात आणि गल्लीतलं भांडणसुद्धा स्पष्ट ऐकू येतं. भूपेशची माणसंही शुक्रवारी येत नव्हती. मेघाली कॉलेजला, मिलिंद गोदामात. वनिता भर दुपारी नव्या फरशीवरचे सिमेंटचे डाग खरवडत बसली होती. फरशी सुंदर दिसत होती. तिला खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

तेव्हा तिला तो आवाज आला. आतल्या खोलीतून. कोरडं कापड हलतं तसा, थांबून थांबून. येतो, थांबतो, जातो.

तिनं हातातला खरवडायचा पत्रा खाली ठेवला. बंद खिडकीचं प्लास्टिक वाऱ्यानं फडफडत असेल. ती उठून दारापाशी गेली, दार ढकललं. प्लास्टिक जिथल्या तिथं, जराही हलत नव्हतं. हलत होतं ते दिवाणावरचं कापड, आणि तेही सगळं नव्हे. उशीच्या जरा खाली, वाटीएवढ्या जागेत ते आत ओढलं जात होतं आणि पुन्हा बाहेर येत होतं. आत जाताना तिथं खळगी पडायची. बाहेर येताना वरची धूळ बारीक थरथरायची.

वनिता किती वेळ उभी होती तिला कळलं नाही. पंखा असेल असं तिच्या मनात आलं, आणि मान वर करून बघितलं तर छताला नुसता हूक होता. मग तिनं दार हळूच ओढून घेतलं, जसं निजलेल्या माणसाच्या खोलीचं ओढतात तसं. बाहेर येऊन ती पुन्हा डाग खरवडायला बसली आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावली.

संध्याकाळी ललिताचाच फोन आला. आवाज उतरलेला होता.

"वहिनी, आई बघ ना कशी करते. दम लागलाय. डॉक्टर येऊन गेला, औषध दिलं, सुई दिली. पर सारखी एकच बोलते, तोंडावरचं कापड काढा म्हणते. तिच्या तोंडावर काय पन न्हाय गं. पदर सुद्धा न्हाय. हातानं असं ओढत बसते."

वनितानं आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"ऐकतेस ना, वहिनी?"

"ऐकते. यांना सांगते मी."

मिलिंदला तिनं सांगितलं. तो म्हणाला, माल उतरतोय, दोन दिवस रजा मिळणार नाही, रविवारी जाऊन येऊ. त्याला तिनं फक्त दम्याचं सांगितलं. कापडाचं सांगितलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, लूम चालू होते, स्वयंपाकघरात कटर चालू होता, घर धुळीनं भरून गेलं होतं. अशा गोंगाटात माणसाला धीर येतो. वनितानं ठरवलं की एकदा नीट बघून घ्यायचं आणि मनातला किडा काढून टाकायचा. भूपेशला "पाणी मारो बराबर" असं उगाचच दरडावून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

कापडाची ती जागा हलत होती, पण कालच्यापेक्षा कमी. ओढलं जायचं आणि बराच वेळ तसंच राहायचं.

उशीच्या बाजूला, तिनं सगळ्यात घट्ट शिवलं होतं तिथं, दोन टाके उसवले होते. सुतळीची टोकं आतल्या बाजूला ओढलेली होती. म्हणजे बाहेरून कुणी उसवलं नव्हतं. त्या फटीतून एक बोट बाहेर आलं होतं.

बोट म्हातारं होतं. नख मधोमध चिरलेलं. भात कापताना विळा लागून असं चिरलेलं नख वनितानं रोज दोन वेळा बघितलं होतं, ताटात मीठ वाढायला पुढं येताना, कमी पडलं म्हणून दाखवताना. ते बोट कापडाच्या काठावरून हळूहळू सरकत होतं. कापड ओळखणारी बाई जशी काठ शोधते, तसं चाचपत होतं.

कात्री शिलाई मशीनच्या खणात होती. मशीन हाताच्या अंतरावर होतं, वरचं कापड नुसतं गुंडाळलेलं. चार टाके कापायचे, एवढंच काम. हे वनिताला तेव्हाच, तिथंच, अगदी स्वच्छ कळलं. टाके कापले की दिघाशीत म्हातारी श्वास घेईल. ती बरी होईल. बरी झाली की रविवारी मिलिंद तिला घरी आणेल. ती या नव्या फरशीवरून चालत येईल, याच दिवाणावर बसेल आणि म्हणेल, फरशीचा रंग बरा न्हाय निवडला.

वनिताला रडू आलं. ते कुणासाठी होतं हे तिचं तिला समजलं नाही. वडील त्या चटईवर बसून गुडघे धरून उठायचे, ते तिला आठवलं. "उंदीर आहे," ती मोठ्यानं म्हणाली. कटरच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. "उंदरानं सुतळी कुरतडली, दुसरं काही नाही."

तिनं स्वयंपाकघरातल्या पिशवीतून दाभण आणि सुतळी आणली. परत आली तेव्हा बोट आत गेलं होतं, फट मात्र तशीच होती. तिनं डोळे अर्धवट मिटले, डाव्या तळव्यानं कापड दाबून धरलं आणि टाका घातला. तळव्याखाली काहीतरी कोमट होतं. त्यानं एकदा वर ढकललं, जोर फारसा नव्हता. दुसरा टाका, तिसरा टाका, वर गाठ. गठडी शिवताना बाप म्हणायचा, गाठ अशी मार की मालकालाही कापूनच उघडावी लागली पाहिजे.

बाहेर आली तर भूपेश म्हणाला, "भाभी, तबियत ठीक है ना? पसीना कितना."

"धूळ गेली नाकात," वनिता म्हणाली.

६

रविवारपर्यंत थांबायची वेळ आली नाही. तासाभरातच ललितानं मिलिंदला गोदामातच फोन केला आणि तो तिथूनच, मोटरसायकलवर, तसाच दिघाशीला गेला. घरी भूपेश शेवटचा हात मारत होता. बाहेरच्या खोलीची पुट्टी झाली होती, रंगाचा पहिला हात झाला होता, खोली नुसती उजळून निघाली होती. सोफेवाल्याचा फोन येऊन गेला. सोमवारी आणू का, विचारत होता.

दुपारी मिलिंदचा फोन आला. तो बोलायच्या आधी वनिताला पत्र्यांचा आवाज ऐकू आला. वारा खरंच फार होता तिकडे.

"वनिता, आई जाते बहुतेक." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "डॉक्टर म्हणतो हलवू नका, रस्त्यातच काहीतरी होईल. सगळे जमलेत इथं. श्वास घेता येत नाही गं तिला. आपण तिला पाठवायलाच नको होतं. लोक बोलतायत."

"काय बोलतायत?"

"काय बोलणार. घर सजवायचं म्हणून म्हातारीला गावाला टाकली."

आता सांगायला लाज वाटते, पण खरं आहे ते असं की वनिताला उठवलं ते या वाक्यानं. सासूच्या श्वासानं नव्हे, नवऱ्याच्या रडण्यानंही नव्हे. नव्या फरशीवर उभं राहून बायका आयुष्यभर हेच बोलतील, फरशीकडे बघत बोलतील, हे तिला दिसलं. सोफ्यावर बसून चहा पितील आणि बाहेर जाऊन बोलतील. ती आत धावली.

कापड हलत नव्हतं. उशीखालची खळगी आत ओढलेली, तशीच राहिलेली होती, ओठांचा आकार दिसावा इतकी घट्ट.

कात्री हातात नीट बसेना. स्वतःच मारलेली गाठ, ती सुटते कुठली! तिनं सुतळी सोडून कापडातच कात्री खुपसली आणि उभं टरकावलं, उशीपासून पायापर्यंत. खळीचं कापड फाटताना ओरडतं. त्या आवाजात आणखी एक आवाज होता, पाण्याखालून वर आलेला माणूस पहिल्यांदा श्वास ओढतो तसा. तो कापडाखालून आला की तिच्या स्वतःच्या घशातून, हे तिला पुढे कधीही ठरवता आलं नाही.

खाली गादी, उशी, गोधडी. धुळीचा एक कण नाही. उशीवर मात्र ओल होती, तळहाताएवढी, आणि हात लावला तर अजून कोमट होती.

तिनं फोन कानाला लावला. मिलिंदनं तो ठेवलाच नव्हता. पलीकडे गलका चालला होता, बायकांचा, ललिताचा. मग मिलिंद हसत होता की रडत होता कोण जाणे.

"उठून बसली! वनिता, आई उठून बसली. पाणी मागते."

७

आनंदीबाई पुढच्या आठवड्यात घरी आल्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि वनिताचं कौतुक करून गेल्या. म्हातारीसाठी घर नवं केलं, जुना दिवाण जसाच्या तसा सांभाळला, आजकालच्या सुना एवढं करतात का? वनिता सगळ्यांना चहा देत होती. सोफ्याचा विषय मिलिंदनं काढला नाही, मग वनितानं कशाला काढावा. दिवाण जुन्या जागी लागला.

फरशीबद्दल म्हातारी काही बोलली नाही. जेवताना मिठाबद्दलही बोलली नाही. वनिताला वाटलं, आजारपणानं माणूस मऊ होतं. तिला जरा अपराधी वाटलं आणि जरा सुटल्यासारखंही वाटलं. कपाळावरचा घाम पुसून तिनं ठरवलं की झालं गेलं ते गेलं, आता आपण चांगलं वागायचं. मेघालीला तिनं आजीजवळ झोपायला सांगितलं.

"नको, पोरीला अभ्यास हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "तू ये. पांघरूण घाल माझ्यावर."

मिलिंद आणि मेघाली वर गेले. वनिता चादर घेऊन आली. तीनदा धुतलेली, मऊ झालेली जुनी चादर तिनं मुद्दाम शोधून काढली होती. आनंदीबाई उताण्या निजल्या होत्या, हात दोन्ही बाजूंना. चिरलेल्या नखाचं बोट दिवाणाच्या काठावरून सावकाश फिरत होतं.

"मेघाली सांगत व्हती, तू दिवान शिवून ठेवला व्हतास," त्या म्हणाल्या.

"हो, आई. धूळ बसू नये म्हणून."

"चांगलं केलंस. धूळ न्हाय बसली." मागच्या भिंतीतून लूमचा आवाज येत होता. "मंग कापलंस, ते बी चांगलं केलंस."

वनिताचे हात चादरीवर थांबले.

"पर त्याच्या आदल्या टायमाला," आनंदीबाई म्हणाल्या, "मी दोन टाके उसवले व्हते, तवा तू दाभन कशाला आनलंस गं?"

आवाज भांडणाचा नव्हता. भांडणाचा असता तर वनिताला उत्तर सुचलं असतं, तिला त्याची सवय होती. पण हे तर कुणी शेजारणीला वाट विचारावी तसं विचारलं होतं. वनितानं चादर पुन्हा वर घ्यायला सुरुवात केली.

"गळ्यापर्यंतच घाल," म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून रोज निजताना पांघरूण घालायला आनंदीबाईंना वनिताच लागते. मिलिंद पुढे झाला तर नको म्हणतात, मेघालीला तर हात लावू देत नाहीत. लोकांना वाटतं, सासूचा सुनेत जीव गुंतलाय. वनिता चादर गळ्यापर्यंत आणते आणि काठ सोडून देते. तिचा हात पूर्ण मागे जाईपर्यंत म्हातारी डोळे मिटत नाही.